शाळेच्या छपराखालचे कॉलेज : अमेरिकेतील दुहेरी श्रेयांक आणि शाळाप्रमुखांची भूमिका

अमेरिकेत हायस्कूलमध्ये शिकत असतानाच कॉलेजचे श्रेयांक मिळवण्याची पद्धत आता सर्वदूर रुजली आहे. २०२२-२३ या वर्षात सुमारे २५ लाख शालेय विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या किमान एका विषयासाठी नाव नोंदवले होते. एकाच अभ्यासावर हायस्कूलचाही हिशेब पुरा होतो आणि पदवीच्या खात्यातही काही श्रेयांक जमा होतात, म्हणून तिथे या पद्धतीला ‘ड्युअल क्रेडिट’ किंवा ‘ड्युअल एनरोलमेंट’ म्हणतात. तिच्यात दोन वाटा आहेत. एका वाटेने शाळेचाच शिक्षक शाळेतच कॉलेजचा अभ्यासक्रम शिकवतो आणि कॉलेज त्याला मान्यता देते. दुसऱ्या वाटेने विद्यार्थी कॉलेजात जाऊन तिथल्या वर्गात बसतो. यांच्या जोडीला परीक्षेचा मार्ग आहे : शाळेत वरच्या पातळीचा विषय शिकायचा, बाहेरच्या मंडळाची परीक्षा द्यायची आणि त्या गुणांवर कॉलेजने श्रेयांक द्यायचे.

या मार्गांकडे शाळाप्रमुखांनी कधीच सारख्या नजरेने पाहिलेले नाही. इथे शाळाप्रमुख म्हणजे हायस्कूलचे प्रिन्सिपल आणि ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’चे सुपरिंटेंडंट. अमेरिकेत सार्वजनिक शाळा स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टच्या ताब्यात असतात. बहुतेक ठिकाणी त्यांचे शिक्षण मंडळ लोक निवडून देतात, सुपरिंटेंडंट त्या मंडळाला जबाबदार असतो आणि राज्याकडून येणारा पैसा मुख्यतः पटावर ठरतो. त्यामुळे मुलाला कॉलेजचे शिक्षण लवकर मिळावे की नाही, या प्रश्नाइतकाच वर्ग कोणाच्या इमारतीत भरतो, शिकवतो कोण आणि पैसा कोणाच्या खात्यातून जातो, हा प्रश्न त्यांच्या मतामागे राहिला आहे.

तासांचे माप

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हायस्कूल कुठे संपते आणि कॉलेज कुठे सुरू होते, याला देशभर मान्य अशी रेषा नव्हती. प्रत्येक कॉलेजची प्रवेशपरीक्षा वेगळी, प्रत्येक गावच्या हायस्कूलचा अभ्यासक्रम वेगळा. नॅशनल एज्युकेशन असोसिएशनने १८९२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली ‘दहा जणांची समिती’ नेमली. तिने हायस्कूलचे विषय आणि त्यांना द्यायचा वेळ यांची एक घडी घालून दिली. पुढे १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी कॉलेजच्या प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलरची देणगी दिली. निवृत्तिवेतन नेमक्या कोणत्या संस्थांना द्यायचे हे ठरवण्यासाठी ‘कॉलेज’ची व्याख्या करावी लागली आणि तिच्यात प्रवेशासाठी हायस्कूलच्या १४ ‘युनिट’ची अट आली. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले साधारण १२० तास. हे माप ‘कार्नेगी युनिट’ या नावाने हायस्कुलांतही रूढ झाले.

महाराष्ट्रात दहावी-बारावीला राज्य मंडळाची परीक्षा हा उंबरठा असतो. अमेरिकेत अशी एक सार्वत्रिक परीक्षा नाही; ठरावीक श्रेयांक पुरे केले की शाळाच पदविका देते. तास मोजून श्रेयांक देण्याची ही व्यवस्था कॉलेजातही होती. दोन्हीकडचे चलन एकाच जातीचे असल्यामुळे एका वर्गातल्या तासांची नोंद दोन खात्यांत करणे हिशेबाच्या दृष्टीने अवघड नव्हते. तशी नोंद करू द्यायची की नाही, हा मात्र दोन संस्थांमधल्या वाटाघाटींचा विषय राहिला.

जोलिएटचा प्रयोग

या वाटाघाटींचे सर्वांत जुने ठळक उदाहरण इलिनॉय राज्यातल्या जोलिएट या गावातले आहे. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी आपल्या विद्यापीठातल्या चार वर्षांचे दोन भाग पाडले होते. पहिली दोन वर्षे शालेय शिक्षणाला जवळची आहेत, ती विद्यापीठाबाहेरही शिकवता येतील, असे त्यांचे मत होते. जोलिएट टाउनशिप हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांनी ही कल्पना उचलली. गावातल्या अनेक मुलांना बाहेरगावी राहून कॉलेज शिकणे परवडत नव्हते. ब्राऊन यांनी हायस्कूलमध्येच बारावीपुढचे वर्ग सुरू केले आणि त्यांना श्रेयांक मिळतील अशी व्यवस्था केली. १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालेल्या या वर्गांतून जोलिएट ज्युनियर कॉलेज उभे राहिले. ते अमेरिकेतले आजही चालू असलेले सर्वांत जुने सार्वजनिक ज्युनियर कॉलेज मानले जाते. (अमेरिकेतले ज्युनियर कॉलेज बारावीनंतरच्या दोन वर्षांचे असते, महाराष्ट्रातल्या अकरावी-बारावीच्या कनिष्ठ महाविद्यालयाशी त्याची गल्लत होऊ नये.)

इथे पुढाकार हायस्कूलच्या प्रमुखाचा होता आणि त्याचे कारण उघड आहे. कॉलेजचा वर्ग शाळेच्या इमारतीत आला, शिक्षक शाळेचे राहिले आणि हायस्कूलची प्रतिष्ठा वाढली. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये हायस्कुलांना असे पुढचे वर्ग चालवण्याची कायद्याने मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेस्नो इथे त्या मुभेचा पहिला वापर झाला. त्याच राज्यातल्या पॅसाडिना शहराने १९२८ मध्ये आणखी पुढे जाऊन अकरावी-बारावी आणि कॉलेजची पहिली दोन वर्षे अशी चार वर्षे एकाच संस्थेत आणली. सहा, चार आणि चार वर्षांच्या या रचनेची चर्चा बरीच झाली, पण ती फारशी पसरली नाही. चार वर्षांचे हायस्कूल, त्याचे खेळांचे संघ आणि पदवीदान समारंभ ही तोवर गावोगावच्या समाजजीवनाची अंगे झाली होती.

हुशार मुले कोणाची?

विद्यापीठांकडून आलेल्या योजनांना शाळांनी वेगळा प्रतिसाद दिला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत दहावीनंतरच मुलांना कॉलेजात घेण्याची योजना राबवली. हचिन्स १९५१ मध्ये पायउतार झाल्यावर ती लवकरच मोडीत निघाली. त्याच वर्षी फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर चालणाऱ्या ‘फंड फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ एज्युकेशन’ या संस्थेने हायस्कूल पुरे न केलेल्या हुशार मुलांना थेट कॉलेजात पाठवण्यासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. कोरियातले युद्ध चालू होते; सैन्यात बोलावणे येण्याआधी मुलांना कॉलेजची दोन वर्षे पुरी करता यावीत, हाही त्यामागचा एक विचार होता. मुले कॉलेजात चांगली टिकली, पण हायस्कुलांच्या प्रमुखांना ही योजना रुचली नाही. वर्गातली पहिली काही मुले, म्हणजे शाळेच्या नियतकालिकाचे संपादक, वादपटू, गणितातले तरबेज विद्यार्थी, शेवटच्या वर्षाआधीच निघून जाणार होती.

त्याच फंडाने दुसऱ्या दोन प्रयत्नांनाही पैसा दिला आणि त्यांच्यावर शाळांच्या लोकांचा ठसा होता. अँडोव्हर इथल्या फिलिप्स अकॅडमीचे हेडमास्तर जॉन केंपर यांच्या पुढाकाराने अँडोव्हर, एक्झिटर आणि लॉरेन्सव्हिल या तीन नामवंत निवासी शाळा हार्वर्ड, येल आणि प्रिन्सटन यांच्याबरोबर एकत्र आल्या. १९५२ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने दाखवले की या शाळांतून आलेली मुले कॉलेजच्या पहिल्या वर्षांत आधी झालेलाच बराच अभ्यास पुन्हा करतात. दुसरा प्रयत्न केनियन कॉलेजचे अध्यक्ष गॉर्डन चाल्मर्स यांच्या पुढाकाराने १२ कॉलेजांनी केला. त्याच्या कारभाराची सूत्रे फिलाडेल्फियाच्या सेंट्रल हायस्कूल या सार्वजनिक शाळेचे प्रमुख विल्यम कॉर्नॉग यांच्याकडे होती. पहिल्या वर्षाच्या कॉलेज अभ्यासाची पातळी काय असावी हे प्राध्यापक आणि शाळाशिक्षक यांनी मिळून ठरवले, शाळांत तसे वर्ग सुरू झाले आणि १९५४ मध्ये चाचणी परीक्षा झाल्या.

या दोन प्रयत्नांतून ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजे एपी ही व्यवस्था उभी राहिली. १९५५ मध्ये कॉलेज बोर्डाने ती हाती घेतली आणि १९५६ च्या पहिल्या परीक्षेला १०४ शाळांमधले १,२२९ विद्यार्थी बसले. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकी शाळांच्या दर्जावर टीकेची झोड उठली आणि एपीला बळ मिळाले. प्राचार्यांना ती सोयीची वाटण्याचे कारण तिच्या बांधणीतच होते. हुशार मूल चारही वर्षे शाळेतच राहत होते, सर्वांत उत्साही शिक्षकाला सर्वांत आव्हानाचा वर्ग मिळत होता आणि परीक्षा बाहेरची असल्यामुळे निकाल पालकांना दाखवता येत होता.

त्याच सुमारास कनेक्टिकट विद्यापीठात श्रेयांकांचा दुसरा मार्ग आकाराला आला. तिथले प्रोव्होस्ट ॲल्बर्ट वॉ यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये विद्यापीठाचे अभ्यासक्रम राज्यातल्या हायस्कुलांत, हायस्कूलच्याच शिक्षकांकडून शिकवायला सुरुवात झाली. शिक्षकाला विद्यापीठाची मान्यता घ्यावी लागे. एपीत सारे एका दिवसाच्या परीक्षेवर अवलंबून होते. इथे वर्षभराच्या कामावर श्रेयांक मिळत. आज ‘कॉन्करंट एनरोलमेंट’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार अमेरिकेत सतत चालू राहिलेल्या अशा कार्यक्रमांमधला सर्वांत जुना आहे.

बारावीचा कंटाळा

१९६० च्या दशकाच्या अखेरीस शाळाप्रमुखांच्या तक्रारीचा रोख बदलला. बारावीच्या अर्ध्या वर्षात कॉलेजचा प्रवेश पक्का झाला की मुलांचे अभ्यासातले लक्ष उडते, गैरहजेरी वाढते, हा अनुभव सार्वत्रिक होता आणि त्याला ‘सीनियरायटिस’ असे थट्टेचे नावही पडले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज परिसरातल्या स्कूल डिस्ट्रिक्टांचे अधिकारी १९७२ मध्ये हीच अडचण घेऊन सिरॅक्यूज विद्यापीठाकडे गेले. एपीचे वर्ग मोजक्या मुलांसाठी होते; बाकीच्या चांगल्या मुलांना बारावीत गुंतवून ठेवील असे काही त्यांना हवे होते. त्यातून ‘प्रोजेक्ट ॲडव्हान्स’ सुरू झाला. विद्यापीठाने शिक्षकांना प्रशिक्षण दिले, अभ्यासक्रम आणि गुणदानाची पद्धत आपल्या वर्गांसारखीच ठेवली आणि प्राध्यापक शाळांना भेटी देऊ लागले. देखरेखीची ही चौकट पुढे इतरांनी उचलली. १९९९ मध्ये अशा कार्यक्रमांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पुढे तिच्या मानदंडांतही शिक्षकांची पात्रता, प्रशिक्षण आणि प्राध्यापकांच्या भेटी यांना मुख्य जागा मिळाली.

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांबद्दल याहून टोकाचा निष्कर्ष काढणाऱ्या एलिझाबेथ ब्लॉजेट हॉल यादेखील शाळाप्रमुखच होत्या. मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड अकॅडमी या मुलींच्या शाळेच्या त्या हेडमिस्ट्रेस होत्या. अनेक मुली दहावीनंतरच कॉलेजच्या अभ्यासाला तयार असतात आणि उरलेल्या दोन वर्षांत त्यांचा वेळ वाया जातो, अशी त्यांची खात्री झाली. १९६४ मध्ये त्यांनी ग्रेट बॅरिंग्टन इथे सायमन्स रॉक या संस्थेची स्थापना केली आणि १९६६ मध्ये तिथे वर्ग सुरू झाले. १९७९ मध्ये ही संस्था बार्ड कॉलेजकडे गेली. बार्डने २००१ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शिक्षण विभागाबरोबर सुरू केलेले ‘बार्ड हायस्कूल अर्ली कॉलेज’ याच विचारातून आले.

मागे पडणाऱ्या मुलांसाठी

तोवर कॉलेजचे श्रेयांक लवकर मिळवण्याचा विचार हुशार मुलांपुरता होता. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज या दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजच्या आवारात ‘मिडल कॉलेज हायस्कूल’ उघडले आणि हे गृहीत बदलले. प्राध्यापिका जॅनेट लीबरमन यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या शाळेत शिक्षण सोडून देण्याच्या बेतात असलेली मुले घेतली जात. कॉलेजच्या आवारात वावरले, तिथल्या वर्गात बसले की मुलाची स्वतःकडून असलेली अपेक्षा वाढते, हे त्यामागचे तत्त्व होते.

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये हेच एपीच्या मार्गाने घडले. मेक्सिकन वंशाच्या, बहुतांशी गरीब मुलांच्या या शाळेत हायमे एस्कलांते हे शिक्षक कलनशास्त्राचा एपी वर्ग घेत. १९८२ मध्ये परीक्षेला बसलेले सर्व १८ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने त्यांपैकी १४ जणांवर नक्कल केल्याचा संशय घेतला. १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि ते पुन्हा उत्तीर्ण झाले. या घटनेवर १९८८ मध्ये आलेल्या चित्रपटामुळे एस्कलांते यांचे नाव सर्वतोमुखी झाले. प्रिन्सिपल हेन्री ग्रॅडियास यांनी या वर्गाला पाठबळ दिले होते. शाळेच्या वेळापत्रकात खालच्या इयत्तांपासून गणिताची तयारी बसवणे हे प्रिन्सिपलच्या हातातले काम असते आणि त्याशिवाय बारावीत असा वर्ग भरू शकत नाही.

मिनेसोटाचा कायदा

शाळाप्रमुखांचा सर्वांत उघड विरोध १९८५ मध्ये मिनेसोटात दिसला. गव्हर्नर रूडी परपिच यांनी शाळानिवडीच्या आपल्या धोरणाचा भाग म्हणून ‘पोस्टसेकंडरी एनरोलमेंट ऑप्शन्स’ हा कायदा आणला. अकरावी-बारावीच्या मुलांना सरकारी खर्चाने कॉलेजात शिकण्याचा हक्क या कायद्याने मिळाला. शिकवणीचे शुल्क आणि पुस्तकांचा खर्चही विद्यार्थ्याला द्यावा लागणार नव्हता. राज्यव्यापी स्वरूपाचा हा पहिला कायदा मानला जातो. त्यातली वादाची बाब म्हणजे, मुलापाठोपाठ शाळेचे अनुदानही कॉलेजकडे जाणार होते.

शाळा चालवणाऱ्यांच्या आणि शिक्षकांच्या संघटनांनी याला कडाडून विरोध केला. त्यांचा हिशेब सोपा होता. तीस मुलांच्या वर्गातली चार मुले गेली तरी शिक्षकाचा पगार, इमारतीचा खर्च आणि शाळेची बस तशीच चालवावी लागते. घटते ते फक्त अनुदान. शिवाय जाणारी मुले बहुधा अभ्यासात पुढे असलेली असतात. छोट्या ग्रामीण शाळांत भौतिकशास्त्राचा किंवा फ्रेंचचा वर्गच बंद पडेल, ही भीती होती. कायद्याच्या समर्थकांचे म्हणणे होते की हीच स्पर्धा शाळांना सुधारायला लावील. पुढच्या काळात मिनेसोटातल्या हायस्कुलांनी एपीचे आणि विद्यापीठमान्य वर्ग वाढवले आणि मिनेसोटा विद्यापीठाने १९८६ मध्ये ‘कॉलेज इन द स्कूल्स’ हा कार्यक्रम सुरू केला. मुलांनी बाहेर जाऊ नये म्हणून कॉलेज शाळेत आणण्याचा मार्ग प्रिन्सिपलांनी धरला.

इतर राज्यांनी पैशाचा प्रश्न आपापल्या परीने सोडवला. वॉशिंग्टन राज्याने १९९० मध्ये ‘रनिंग स्टार्ट’चा कायदा केला, त्यात कॉलेजला गेलेल्या मुलाच्या अनुदानातले ७ टक्के शाळेकडे ठेवून ९३ टक्के कॉलेजला द्यायचे ठरले. फ्लोरिडाने २०१३ मध्ये कॉलेजच्या आवारात शिकणाऱ्या मुलांचे शुल्क स्कूल डिस्ट्रिक्टांवर टाकले, मात्र शाळेच्याच शिक्षकाने शाळेत शिकवले तर ते द्यावे लागत नव्हते. अशा नियमामुळे सुपरिंटेंडंटचा कल कोणीकडे झुकणार हे ठरूनच जाते. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीतही जवळपास तीन चतुर्थांश दुहेरी श्रेयांकांचे वर्ग हायस्कुलांच्याच इमारतीत भरत असल्याचे दिसले.

नव्या शतकातला विस्तार

२००२-०३ च्या त्याच राष्ट्रीय पाहणीत ७१ टक्के सार्वजनिक हायस्कुलांनी दुहेरी श्रेयांकांची सोय असल्याचे नोंदवले आणि एकूण नोंदणी सुमारे १२ लाख होती. २०१०-११ मध्ये शाळांचे प्रमाण ८२ टक्के आणि नोंदणी सुमारे २० लाख झाली. या वाढीमागे कॉलेजची वाढती फी होती, तशीच सरकारी धोरणेही होती. २००२ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या पैशावर ‘अर्ली कॉलेज हायस्कूल’ उभारण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला. गरीब घरांतल्या आणि घराण्यातून प्रथमच कॉलेजला जाणाऱ्या मुलांवर त्याचा भर होता. टेक्ससने २००६ च्या कायद्याने प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला किमान १२ कॉलेज श्रेयांकांची संधी देणे बंधनकारक केले. २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यानंतर अनेक राज्यांनी शाळांच्या मूल्यमापनात कॉलेजची तयारी हा निकष घेतला आणि दुहेरी श्रेयांक त्यात मोजले जाऊ लागले. एके काळी पट घटवणारी वाटलेली योजना आता शाळेची श्रेणी वाढवणारी ठरू लागली.

शाळाप्रमुखांच्या बाजूने आज मांडले जाणारे फायदे साधारण सारखेच आहेत : बारावीचे वर्ष सत्कारणी लागते, कुटुंबाचा खर्च वाचतो, कॉलेजची सवय आधीच होते आणि पालक शाळेवर खूश राहतात. छोट्या गावातल्या शाळेला तर एरवी न परवडणारा विषय कम्युनिटी कॉलेजच्या मदतीने देता येतो. अडचणींची यादीही तितकीच ठरलेली आहे. कॉलेज आणि हायस्कूलची वेळापत्रके जुळत नाहीत. ग्रामीण भागात कॉलेज लांब असते आणि बसची सोय नसते. पुस्तकांचा खर्च कोणी करायचा यावर वाद होतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा कॉलेजातला नापास शेरा त्याच्या कायमच्या नोंदीत राहतो आणि तो सल्ला कोणी दिला, असे पालक शाळेलाच विचारतात. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गरीब मुलांचे प्रमाण या वर्गांत कमी राहते, हीदेखील जुनी तक्रार आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ४४ कॉलेजांत गरजू शालेय विद्यार्थ्यांना ‘पेल’ हे कॉलेजच्या खर्चासाठीचे केंद्रीय अनुदान देण्याचा प्रयोग करून पाहिला तो त्याच कारणाने.

शिक्षकांच्या पात्रतेचा प्रश्न सर्वांत बिकट ठरला. कॉलेजचा विषय शिकवणाऱ्याकडे त्या विषयातली पदव्युत्तर पदवी किंवा दुसऱ्या पदव्युत्तर पदवीसोबत त्या विषयाचे १८ श्रेयांक हवेत, असे अमेरिकेच्या मध्य भागातल्या कॉलेजांना अधिस्वीकृती देणाऱ्या ‘हायर लर्निंग कमिशन’ने २०१५ मध्ये स्पष्ट केले. हायस्कूलच्या बहुतेक अनुभवी शिक्षकांची पदव्युत्तर पदवी शिक्षणशास्त्रातली होती, कारण पगारवाढीसाठी तीच पुरेशी होती. वर्षानुवर्षे हे वर्ग घेणारे शिक्षक एका नियमाने अपात्र ठरण्याची वेळ आली. मिनेसोटा, इंडियाना यांसारख्या राज्यांत शाळांनी जोरदार हरकत घेतली आणि कमिशनला मुदत २०२२ पर्यंत वाढवून द्यावी लागली. दरम्यान काही राज्यांनी शिक्षकांच्या पुढच्या शिक्षणासाठी मदत सुरू केली. शाळेच्याच शिक्षकावर उभ्या असलेल्या रचनेचा कच्चा दुवा या वादात उघडा पडला.

मिळवलेले श्रेयांक पुढे चालतात की नाही, हा प्रश्न तर शाळेच्या हातातच नाही. राज्यातली सार्वजनिक विद्यापीठे बहुधा कायद्याने किंवा कराराने ते स्वीकारतात. परराज्यातल्या आणि निवडक खासगी कॉलेजांचे नियम आपापले आहेत. डार्टमथ कॉलेजने २०१३ मध्ये एपीच्या गुणांवर पदवीचे श्रेयांक देणे पुढच्या तुकड्यांसाठी बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे हायस्कुलातल्या समुपदेशकांना प्रत्येक विद्यार्थ्याच्या पुढच्या बेताप्रमाणे वेगळा सल्ला द्यावा लागतो आणि त्यासाठी पुरेसे समुपदेशक मिळवणे ही प्रिन्सिपलांची नवी मागणी झाली आहे. श्रेयांक कमवण्याची जागा बऱ्याच अंशी शाळेत आली असली, तरी ते मान्य करण्याचा अधिकार अजूनही कॉलेजकडेच आहे.